मॅडम, तुमच्या त्या मनगटासाठी आभार

मॅडम,

तोंडी आभार मानले होते, पण तेवढ्याने समाधान होईना, म्हणून हे पत्र.

नाडी टिपणारा आमचा लवचिक दाब-सेन्सर टेबलावर वजनं ठेवली की चोख चालायचा आणि मनगटावर बांधला की मुका व्हायचा. तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले, त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. एकांनी "मटेरियल बदला" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांनी स्वतःच्या सेन्सरच्या संवेदनशीलतेचा भलामोठा आकडा पुढे केला. ती संवेदनशीलता किती दाबापर्यंत टिकते, यावर मात्र गप्प. असा अर्धा आकडा मिरवणं मला अप्रामाणिक वाटतं, आजही.

तुम्ही आल्या आल्या पट्टा सैल केलात. अशा सेन्सरमधला रबराचा थर सपाट असेल तर दाबला तरी फारसा चेपत नाही, त्याला पसरायला जागाच नसते. म्हणून तर 2010 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधक झेनान बाओ यांच्या गटाने त्यावर सूक्ष्म पिरॅमिड उभे केले. मधल्या हवेमुळे टोकं हलक्या स्पर्शानेही दबतात. आमच्या थरावरही तेच पिरॅमिड आहेत. पण घट्ट पट्ट्यानेच ती टोकं चपटी झाली, तर नाडीच्या वाट्याला काय उरणार?

आणि मग तुम्ही बाही वर सारून स्वतःचा हात पुढे केलात. मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. तुमचा फोन वाजत राहिला, तुम्ही बोटही हलवलं नाही. पडद्यावरची रेघ आधी नुसती थरथरली, मग एकेक ठोका सुटा दिसू लागला: उंच शिखर, त्यामागे लहानसा उंचवटा, उतारावर खाच आणि पुन्हा हलका फुगवटा. मी आनंदाने ओरडले, तरी तुमचा हात जागचा हलला नाही. "थांब, रेकॉर्डिंग पुरं होऊ दे," एवढंच म्हणालात.

ना तुम्ही आमच्या गटातल्या, ना या कामातून तुम्हाला काही मिळणार होतं. माझ्यासारख्या नवख्या मुलीसाठी इतका वेळ काढणारी माणसं आहेत, म्हणून या क्षेत्रात राहावंसं वाटतं.

शोधनिबंधात पट्ट्याचा दाब नोंदवलाय, आणि दाब कमी करताना रेघ कशी मागे रेंगाळते तो आलेखही लपवलेला नाही. आभारात तुमचं नाव घालू का? नाही म्हणू नका.

तुमची,
दाराशी घुटमळणारी ती विद्यार्थिनी