चार घरांतला बॉयकॉट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या शब्दकोड्यात ‘बॉयकॉट’ला चार घरं होती. ‘बहिष्कार’ नेमका बसला, कोडं सुटलं, तरी पेन्सिल ठेवताना चुटपुट लागली. एकतीस वर्षं रायगड जिल्ह्यात इंग्रजी शिकवलं. हे क्रियापद मी कधी नुसत्या कोशातल्या अर्थावर भागवलं नाही.

मुलं हमखास ‘बॉय’ आणि ‘कॉट’ अशी फोड करायची. खाटेवरचा मुलगा! मग मी सांगायची, हे आडनाव आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. 1880 साली पीक बेताचंच आलेलं, कुळांनी खंडात पाव हिस्सा सूट मागितली, जमीनदार दहा टक्क्यांवर अडला. साहेब अकरा कुळांना जमिनीवरून काढायला निघाला. झालं, गडी कामावर यायचे थांबले. दुकानदारांना माल बंद करायला सांगितलं गेलं, लोहाराला धमकीची चिठ्ठी आली, धोबिणीला कपडे घेऊ नकोस म्हणून ताकीद. हैराण होऊन साहेबानं काय करावं? लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, मी आत्ता आपल्याला लिहितेय तसंच. धोबिणीची तक्रारसुद्धा आहे त्यात. शेवटी आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नास माणसं आली, त्यांच्या राखणीला लष्कर, तेव्हा कुठे साहेबाच्या शेतातलं पीक निघालं. माल सुमारे पाचशे पौंडांचा, खर्च दहा हजारांचा!

‘ऑस्ट्रसाइझ’ (समाजाबाहेर काढणे) हा शब्द शेतकऱ्यांना कळायचा नाही, म्हणून तिथले पाद्री फादर ओमॅली यांनी साहेबाच्या नावाचंच क्रियापद करून टाकलं, असं अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यानं सांगितलंय. मला तर हा पाद्री हाडाचा मास्तर वाटतो.

एका वर्षी हे सांगत असताना मागच्या बाकावरची मुलगी उठली. “बाई, म्हंजे सायबाला वाळीत टाकला?” वर्ग हसला, ती नाही. तिच्या घराला गावकीनं वाळीत टाकलेलं. गावच्या दुकानात मीठ मिळेना, म्हणून ती दप्तरात रिकामी पिशवी घालून यायची आणि शाळा सुटली की आमच्या नाक्यावर सामान भरायची. मी “हो” म्हटलं खरं, पण जीभ अडखळली. मेयोत कुळांनी कारभाऱ्याची कोंडी केली. तिच्या गावात कारभाऱ्यांनीच एका गरीब घराची केली होती.

टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार परक्या सरकारच्या मालावर होता. तो मेयोच्या जवळचा. आपल्या राज्याच्या 2016च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे ती मात्र त्या पिशवीवाल्या बहिष्काराला. दोघांना शब्द एकच. कोडं घालणाऱ्यांचा दोष नाही, चार घरांत दुसरं काय मावणार? पण पुढच्या खेपेला सहा घरं ठेवा. ‘वाळीत टाकणे’ बरोब्बर बसतं, मी मोजून पाहिलंय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रोहा