गर्दच्या धंद्यातला एरिया मॅनेजर

ठाणे,
रविवार दुपार

प्रिय दिल्या,

परवा फोनवर तू घाईत होतास आणि मी अर्धवटच सांगून थांबलो, म्हणून आता सविस्तर लिहितोय. आयुष्यभर स्टॉकिस्टांच्या मागे फिरलेल्या माणसाने हा सिनेमा बघायलाच हवा. ‘राझिया स्यूर ला श्नूफ’. फ्रेंच, कृष्णधवल, 1955 चा, दिग्दर्शक आंरी दक्वँ. ओग्यूस्त ल ब्रतोंच्या कादंबरीवरून केलेला. गर्दच्या धंद्यावर पोलिसांचा छापा, एवढाच नावाचा अर्थ.

गोष्ट अशी. नट जाँ गाबँ, सिनेमातला ‘नांतवाला’ आंरी, अमेरिकेतून पॅरिसला उतरतो. लिस्की नावाचा शेठ त्याला बोलावून घेतो. पॅरिसमधली विक्री ढेपाळलीय, माणसं बेशिस्त झालीत, तू जरा लाईनवर आण. लोकांना दाखवायला एक रेस्टॉरंटही हवाली करतो. मग आपला आंरी करतो काय? भागात फिरतो! माल कुठे तयार होतो, कोण पोचवतो, कोण चुकारपणा करतो, सगळं स्वतः बघतो. कोट अंगात, चेहऱ्यावर कंटाळा, आवाज कुठेही चढत नाही. मला तर आपले ते जुने एरिया मॅनेजर आठवले, दुकानात शिरल्या शिरल्या आधी शेल्फकडे बघणारे.

फरक इतकाच, की इथे वसुलीला रोजर ‘कातालान’ आणि बिबी हे दोन गुंड येतात. ‘कातालान’ झालाय लिनो व्हेन्तुरा. हा मूळचा कुस्तीगीर, आदल्याच वर्षी गाबँबरोबर पडद्यावर आलेला. तो नुसता दारात उभा राहिला तरी खोली लहान वाटायला लागते. लिस्कीच्या कामात मार्सेल दालिओ आहे. गाबँ आणि तो 1937 च्या ‘ला ग्रांद इल्यूझिओं’मध्ये एकत्र होते. पुढे युद्धात दोघांनाही फ्रान्स सोडून अमेरिका गाठावी लागली. हे माहीत असलं की दोघं समोरासमोर बसून हिशेबाचं बोलतात तेव्हा वेगळीच मजा येते.

माल बनवणारा केमिस्ट हे पात्र मला फार खरं वाटलं. घाबरलेला, यातून सुटायला बघणारा. धंद्यात सगळ्यात अडलेला माणूस तोच, कारण त्याच्यावाचून चालत नाही आणि त्याला सोडताही येत नाही. त्या काळात तुर्कस्तानातून मॉर्फिन यायचं, दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय बंदराच्या आसपास गुपचूप त्याचं हेरॉईन व्हायचं आणि ते अमेरिकेला जायचं. जो सेझारी नावाचा तिथला नामांकित ‘केमिस्ट’ 1964 मध्ये पकडला गेला, सुटला, 1972 मध्ये पुन्हा सापडला आणि त्याने तुरुंगातच गळफास घेतला. सिनेमा त्याच्या या अटकांच्या आधीचा आहे, बरं का.

पण खरं सांगू? इतका वेळ माल, माणसं, पैसा चाललेलं असतं आणि गिऱ्हाईक मात्र दिसतच नाही. मग लेआ येते. लिला केद्रोव्हा (हो, ‘झोर्बा द ग्रीक’ सिनेमासाठी ऑस्कर मिळालेली तीच). ती आंरीला रात्रभर एका अड्ड्यावरून दुसऱ्यावर नेते. शेवटी एका क्लबात गांजा ओढते आणि नाचायला उठते. आधी नुसते खांदे हलतात. मग डोळे कुठे आहेत ते तिलाच कळेनासं होतं. समोर नाचणारा माणूस असला काय, नसला काय. आणि गाबँ टेबलाशी बसून बघतोय. त्याच्या चेहऱ्यावर ना दया, ना किळस. त्या क्लबातल्या काळ्या लोकांकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो ती आज खटकते, जुना काळ म्हणून सोडून देणं मला जमलं नाही. पण केद्रोव्हाने त्या काही मिनिटांत जे केलंय त्यापुढे पिस्तुलं फिकी पडतात.

आता शेवट सांगतो. तुला आधी कळलं तरी चालतं, तू कादंबऱ्यासुद्धा मागून वाचतोस. आंरी पोलीस निघतो! साखळीतला एकेक दुवा हाती लागावा म्हणून तो आत शिरलेला असतो. टाळ्यांची जागा आहे, पण माझं डोकं सणकलं. अरे, याच्या डोळ्यांदेखत माणसं मारली गेली ना? तेव्हा हा रेस्टॉरंटचा गल्ला सांभाळत होता! आणि रेस्टॉरंटच्या गल्ल्यावर बसणारी ती लिझेत (नटी मागाली नोएल), तिने ज्याच्यावर जीव लावला तो कोण होता? दक्वँ यावर फारसा थांबत नाही. छापा पडतो, सगळे रांगेने आत, खेळ खलास. मला वाटतं, गाबँला पडद्यावर खलनायक ठेवायला ते धजले नाहीत.

माझी बायको म्हणते, तो पोलीस आहे हे तिला अर्ध्यातच कळलं होतं, कारण तो कुणाकडून काहीच घेत नाही. मला पटलेलं नाही. तू बघ आणि कोणाचं खरं ते सांग, पण बघताना मध्येच फोन घेऊ नकोस. सबटायटल असलेली प्रत पेनड्राईव्हवर टाकून देतो, गणपतीत येशील तेव्हा घेऊन जा.

काकूंना नमस्कार, चिनूला पापा.

तुझा,
विज्या