आधी गृहपाठाचे मेसेज बंद करा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

शाळेत मोबाइल नको, यावरून पालकसभेत आता फारसा वाद होत नाही. फ्रान्सने २०१८ साली तसा कायदाच केला. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानेही शिकायला उपयोग होत असेल तेवढाच फोन शाळेत असावा, असं सांगितलं. बंदीला माझाही विरोध नाही. पण मुलांच्या हातात रोज संध्याकाळी फोन देते कोण, तर शाळाच!

माझी मुलगी नववीत आहे, धनकवडीहून पेठेतल्या शाळेत जाते. दप्तरात फोन सापडला की जप्त, आणि पालकांना बोलावणं. ठीक आहे. मात्र गृहपाठ येतो संध्याकाळी, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. चाचणीचा पोर्शन तिथेच, प्रकल्पाच्या सूचना तिथेच, ‘उद्या कार्डशीट आणणे’ हेही तिथेच. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर रात्रपाळीला जातो, तिथल्या मुलाने काय करायचं? आणि ज्याच्या हातात फोन येतो, तो गृहपाठ उतरवून फोन परत ठेवतो, असं आपल्याला वाटतं का? ‘असर’ या देशभरातल्या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन चालवता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आठवडाभरात तो अभ्यासासाठी वापरला होता, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. शहरात चित्र याहून बरं असेल, असं मला तरी वाटत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास फोन आणि टीव्ही बंद ठेवायचा पायंडा पाडला. आमच्याकडे नेमके त्याच सुमाराला शाळेचे मेसेज सुरू होतात. शिक्षकांनाही दोष देववत नाही. दिवसभर तुमच्या खात्याच्या लिंक भरायच्या, फोटो अपलोड करायचे, मग गृहपाठ टाकायला संध्याकाळच उरते.

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. त्यामागचं साहित्य कितीही चांगलं असो, ते घरी पाहायला फोनच लागतो. ते वर्गातल्या प्रोजेक्टरवर दाखवावं. प्रोजेक्टर नसेल तर तो आधी द्यावा.

तेव्हा मोबाइलबंदीचं परिपत्रक काढणार असाल, तर पहिलं कलम शाळांसाठी ठेवा. गृहपाठ शेवटच्या तासाला फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी वहीत उतरवायचा, ग्रुपवर फक्त पालकांसाठीच्या सूचना.

दुसरं, प्रवासाचं. दुपारच्या अधिवेशनाची शाळा सुटते तेव्हा डिसेंबरात अंधार पडलेला असतो. कात्रजच्या बसला लोंबकळून जाणाऱ्या मुलीने ‘बस मिळाली’ एवढं तरी घरी कसं कळवायचं? पूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानात एक रुपयाचा कॉइन बॉक्स असायचा, तोही गेला. साधा बटणांचा फोन आणू द्या, सकाळी आल्यावर जमा, सुटताना परत. त्यासाठी कुलपाचं कपाट लागेल आणि ते उघडायला माणूस. शिपायांची पदं रिकामी ठेवून हे होणार नाही. जप्त केलेला फोन वर्षअखेरपर्यंत अडकवून ठेवायचा अधिकारही मुख्याध्यापकांना नसावा. तो आठवडाभरात पालकांच्या हाती द्यावा.

हे सगळं जूनआधी यावं. सत्राच्या मध्येच आलेलं परिपत्रक फाइलला लागतं आणि वर्गात जुनंच चालू राहतं.

आपली,
एक पालक, धनकवडी, पुणे