वजनकाट्याबद्दल आभार, आत्या

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घरी पोअर ओव्हर कॉफी, म्हणजे दळलेल्या कॉफीवर हाताने गरम पाणी ओतून गाळलेली कॉफी, इतकी चांगली कशी जमते, असं हल्ली मला लोक विचारतात. मी जी उत्तरं देते ती सगळी तुझीच असतात. तेव्हा चारचौघांत तुझे आभार मानावेत, म्हणून हे पत्र उघडं लिहितेय.

ड्रिपर (गाळायचा कागद बसवून ज्यात कॉफी घालतात तो) शंकूच्या आकाराचा घेऊ की सपाट तळाचा, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "कुठलाही घे, पण आधी काटा घे." १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी हे एकदा पक्कं झालं की चव बिघडल्यावर कारण शोधता येतं. चमच्याच्या मापाने ते साधत नाही. गडद भाजलेले दाणे हलके असतात, फिकट भाजलेले जड, आणि चमच्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. पाणीसुद्धा किटलीतून ओतता ओतता काट्यावरच बघायचं, हे तर मला सुचलंच नसतं.

ड्रिपरमधला कागद आधी गरम पाण्याने भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, म्हणजे कागदाचा वास जातो आणि भांडंही तापतं. हे मी लगेच उचललं. पण खरी मजा त्यानंतरच्या पहिल्या ओतण्यात आहे. ३०-४० ग्रॅम पाणी, सगळी कॉफी भिजेल इतपत, आणि मग अर्धा-पाऊण मिनिट हात आवरायचा. दाणे भाजताना आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड तेव्हा बाहेर पडतो. तो निघून जाईपर्यंत पाण्याला आत नीट शिरूच देत नाही. ताजी कॉफी मधोमध फुगते, वर बुडबुडे येऊन फुटतात, कडेने ओलसर चकाकी येते आणि मग सगळं हळूच खाली बसतं. जुन्या कॉफीचा नुसता चिखल होतो. पाकिटावरची भाजल्याची तारीख वाचच, पण या फुगण्याकडेही बघ, हे तुझं म्हणणं मला सगळ्यात उपयोगी पडलं. (गडद भाजलेली जरा जास्तच फुगते, तेवढं धरून चालायचं.)

आणि दळण! "आंबट, पाणचट लागली तर बारीक दळ, कडू आणि तुरट लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदल." पाणी आधी आंबटपणा ओढून घेतं, कडवटपणा मागाहून येतो, म्हणून जाड दळणातून पाणी भरकन निघून गेलं की कॉफी अर्धवटच उतरते. साधारण तीन मिनिटांत सगळं पाणी खाली आलं तर दळण जवळपास बरोबर. पात्याच्या ग्राइंडरमधून मात्र भुकटी आणि तुकडे एकत्रच निघतात, म्हणून एकाच कपात आंबटही लागतं आणि कडूही. तिथे काय बदलणार? तू चक्कीचा हातग्राइंडर घ्यायला लावलास तो याचसाठी, हे आता पटलं.

पाण्याबद्दल तू फार बोलली नाहीस. क्षार जवळजवळ काढून टाकलेल्या पाण्यात कॉफी सपक लागते, एवढंच सांगितलंस आणि ते खरं आहे.

लांब, बारीक तोटीच्या किटलीवर माझा जीव जडला होता, तेव्हा साध्या वस्तूंनीही भागतं हे पटवायला तू मेलिटा बेंट्झची गोष्ट ऐकवलीस. १९०८ साली ड्रेस्डेनमध्ये या बाईने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला, आणि चोथा नसलेली कॉफी मिळवली. पुढे पेटंट घेतलं, कंपनी काढली. गोष्ट झकास आहे, पण किटली मी घेतलीच. धार हातात राहते गं. एका जागी खड्डा पडून पाणी तिथूनच निसटत नाही. याबाबतीत आपलं जमायचं नाही.

आता एक शंका. दोघांसाठी ३० ग्रॅम घेतली की थर जाड होतो आणि पाणी उतरायला चार मिनिटांच्या वर लागतात. म्हणून ग्राइंडर एक खूण पुढे सरकवून दळण जाड केलंय, बाकी सगळं तेच ठेवलंय. बरोबर आहे का, ते कळव.

तुझी,
भाची