बिनपगारी खेळाडूंचा संप

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर विचारलंत ना, "ज्यांना पगारच नाही, ते संप कसला करणार?" फोनवर उलगडत नाही, म्हणून लिहिते.

आयर्लंडमधले देशी खेळ, हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल, हौशी आहेत, 1884 साली थर्ल्स गावात या खेळांची संघटना स्थापन झाली तेव्हापासून. डब्लिनच्या क्रोक पार्कात अंतिम सामन्याला 82 हजार माणसं तिकीट काढून बसतात आणि मैदानात खेळणारा शिक्षक किंवा शेतकरी आपल्या कामावर परत जातो. आपल्याकडच्या कबड्डीपटूला निदान रेल्वे किंवा पोलीस खात्यात नोकरी मिळते. इथे तीही वाट नाही.

ठिणगी पडली ती करामुळे. 2002 साली सरकारने निवृत्त होणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंना सवलत दिली: खेळातल्या 10 वर्षांपर्यंतच्या कमाईतल्या 40 टक्के रकमेवरचा कर परत. घोडेस्वार, गोल्फवाले, रग्बीवाले खूश. हौशी खेळाडूंची खेळातून कमाईच नाही, मग परत काय मिळणार? त्यांनी सरकारकडे वार्षिक अनुदान मागितलं. बोलणी रेंगाळली, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने (ही 1999 ची) मतदान घेतलं. नोव्हेंबर 2007 मध्ये सुमारे 95 टक्के मतं संपाच्या बाजूने पडली.

आता तुमचा प्रश्न. पगार नाही म्हणून कापला जाण्याची भीती नाही, पण नोकरीचा करार नसल्याने कामगार कायद्याचा आधारही नाही. हातात एकच हुकमाचा एक्का: काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) संघातून न उतरणं. तोही योग्य वेळी टाकावा लागतो. वर्षारंभीच्या लीगवर बहिष्कार घातला तर तिकिटांचे पैसे कमी बुडतात, पण लोक फारसे चिडत नाहीत. उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेवर घातला तर गावच उलटतं. आणि संप फोडणं सोपं असतं. कॉर्कच्या हर्लिंगपटूंनी 2009 साली प्रशिक्षकाच्या वादात अंग काढून घेतलं (तिथे पैशाचा प्रश्न नव्हता), तेव्हा काउंटी मंडळाने नवखा संघ उतरवला.

2007 चा संप प्रत्यक्षात झालाच नाही. वर्षाला 35 लाख युरोंची योजना ठरली. माझ्या मते खरी हुशारी मागणीच्या शब्दांत होती: मोबदला नाही, खेळण्यापायी पडणाऱ्या खर्चाची भरपाई. मोबदला म्हटलं असतं तर हौशीपणाचा नियमच आडवा आला असता. तरीही उत्तरेकडच्या काही क्लबांतून कडाडून विरोध झाला, "आज अनुदान, उद्या पगार," म्हणून. पुढे मंदीत रक्कमही बरीच छाटली गेली.

नंतरची भांडणं बारीक हिशेबाची. 2022 मध्ये सरावाला गाडीने जाण्याचे मैलामागे 65 सेंट ठरले, पण खेळ चालवणाऱ्या मूळ संघटनेने ते आठवड्याला 4 सत्रांपुरतेच द्यायचं म्हटलं. त्याहून जास्त सराव झाला तर? खेळाडूंनी सामन्यानंतरच्या मुलाखती नाकारल्या. संपापेक्षा हे स्वस्त हत्यार, कारण प्रायोजकाचा फलक मुलाखतीच्या मागेच असतो.

आई, मुलींचं विचारलं होतंस. सरकारी अनुदान 2021 पासून पुरुषांइतकं झालं, पण प्रवासखर्च, डॉक्टर, सरावाचं मैदान यांची हमी नव्हती. 2023 च्या जूनमध्ये त्या निषेधाचे टी-शर्ट घालून उतरल्या, खेळल्या मात्र सगळे सामने. तेवढ्यावर पुढच्या हंगामासाठी लेखी सनद मान्य झाली.

तुमची
लेक