प्रयोग क्र. ७ मधला जळालेला रेझिस्टर

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मुलांच्या विद्युत-प्रयोग संचातील सदोष प्रयोग आणि तुमचे उत्तर

स.न.वि.वि.

माझ्या बारा वर्षांच्या मुलीसाठी तुमचा विद्युत-प्रयोगांचा संच घेतला. पहिले सहा प्रयोग व्यवस्थित झाले. सातव्यात रेझिस्टर (विजेच्या धारेला रोध करणारा छोटा सुटा भाग) जळाला आणि तो उपटून काढताना तिच्या बोटाला चटका बसला. मी ईमेल पाठवली, तर तुमच्या प्रतिनिधीचं एका ओळीत उत्तर आलं : ‘बॅटरी उलटी जोडली गेली असावी.’ म्हणून हे सविस्तर पत्र.

अहो, रेझिस्टरला उलटं-सुलटं नसतं. एलईडीला असतं, डायोडला असतं. हे तुमच्याच पुस्तिकेत चौथ्या पानावर चौकट आखून छापलेलं आहे. उत्तर लिहिणाऱ्यांनी ते पान वाचलेलं दिसत नाही.

प्रयोग असा : दीड व्होल्टचे चार सेल एकसर, म्हणजे ६ व्होल्ट, आणि त्यांना थेट १० ओहमचा एक रेझिस्टर. धारा किती? मुलीने ६ ला १० ने भागलं, ०.६ अँपिअर. पुस्तिकेतलं उत्तरही तेच. पुढची ओळ : ‘आता जोडणी करून पाहा.’ तिने केली. थोड्याच वेळात जळका वास आला, रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टा आधी तपकिरी आणि मग काळा पडला, आणि खालच्या ब्रेडबोर्डचं (सुटे भाग खोचायच्या भोकांच्या पाटीचं) प्लास्टिक वितळून तिथे खड्डा पडला.

रेझिस्टर खोटा निघाला असेल म्हणून संचातला दुसरा मल्टिमीटरवर तपासला. १० ओहमच्या आसपास, म्हणजे माल बरोबर. चूक गणितात आहे. खरं तर जे गणित केलंच नाही त्यात आहे. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले धारा : ६ गुणिले ०.६, म्हणजे ३.६ वॅट. आणि तुमच्या पाकिटावर काय छापलंय? पाव वॅट, म्हणजे रेझिस्टर जास्तीत जास्त एवढंच सोसतो. चौदा पटींहून जास्त! जोडलेलं असताना सेलचं व्होल्टेज उतरतं, हे मान्य. मी मोजलं तेव्हा ५.३ व्होल्ट भरलं. तरीही २.८ वॅट होतात, म्हणजे अकरा पट. एवढी उष्णता तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा तो तुकडा कुठे जिरवणार?

शक्तीचं सूत्र पुस्तिकेत नाही असं नाही. तिसऱ्या पानावर रंगीत अक्षरांत आहे, पण शेवटच्या पानापर्यंत ते एकदाही वापरलेलं नाही. ओहमने आपला नियम १८२७ मध्ये छापला, धारेमुळे तयार होणाऱ्या उष्णतेचा नियम जूलने १८४१ मध्ये. तुमची पुस्तिका त्या चौदा वर्षांच्या मधेच कुठेतरी अडकली आहे.

पुढचे दोन प्रयोग मी मुलीला करू दिले नाहीत, कागदावर मात्र सोडवून घेतले. आठव्यात १० ओहमचे दोन रेझिस्टर एकसर : एकूण रोध २० ओहम, धारा ०.३ अँपिअर, प्रत्येकी ०.९ वॅट. हेही जळणार, फक्त जरा सावकाश. नवव्यात तेच दोन समांतर : एकूण रोध ५ ओहम, सेलमधून १.२ अँपिअर, आणि प्रत्येक रेझिस्टरवर पुन्हा ३.६ वॅट, कारण दोघांनाही पूर्ण ६ व्होल्ट मिळतात. ‘दोघांत वाटलं तर कमी व्हायला हवं ना?’ असं तिने विचारलं. हाच प्रश्न पुस्तिकेने विचारायला हवा होता.

उपाय सोपा आहे. ६ चा वर्ग ३६, त्याला ०.२५ ने भागा, १४४ ओहम येतात. ६ व्होल्टवर पाव वॅटचा रेझिस्टर याहून कमी रोधाचा चालणार नाही, आणि मर्यादेच्या काठावरही ठेवू नये. ३३० ओहमचा घातला तर शक्ती साधारण ०.११ वॅट आणि धारा १८ मिलिअँपिअर. हात लावला तर जेमतेम कोमट. एकसर दोन घेतले तर ९ मिलिअँपिअर, समांतर घेतले तर ३६. निम्मं आणि दुप्पट हे मुलांना मीटरवर स्वच्छ दिसेल.

ईमेलनंतर तुम्ही बदली संच पाठवलात. त्यातही तेच १० ओहम, तेच पाव वॅट. तो न फोडता ठेवला आहे. तुमच्या खर्चाने परत न्यावा आणि माझे पूर्ण पैसे परत करावेत. ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे, त्या सगळ्यांना ७, ८ आणि ९ हे प्रयोग करू नका असं कळवावं आणि ३३० ओहमचे रेझिस्टर मोफत पाठवावेत. हे पंधरा दिवसांत न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत ब्रेडबोर्डचा फोटो आणि जळालेला रेझिस्टर पाठवत आहे. रेझिस्टरवरचे पट्टे आता वाचता येत नाहीत. हवा तर उलटा धरून पाहा.

आपली,
एक ग्राहक