विषय : जुन्या साच्यातले स्पिटफायर किट ‘नवी आवृत्ती’ म्हणून विकल्याबद्दल आणि त्यातील दोषांबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचे सुपरमरीन स्पिटफायर मार्क ५ बी या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे १/४८ स्केलचे (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढे), भाग जोडून बनवायचे प्लास्टिकचे किट मी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतले. खोका उघडताच दिसलेल्या दोषांबद्दल मी लगेच आपल्या ग्राहक सेवेला कळवले होते. त्यावर मला चार ओळींचे उत्तर आले : ‘जुन्या किटमध्ये असे किरकोळ दोष असतातच, अनुभवी मॉडेलरला ते सहज दुरुस्त करता येतात.’ या उत्तराने माझे समाधान झालेले नाही. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

पहिला प्रश्न त्या उत्तरातूनच उभा राहतो. हे किट जुने आहे, हे मला खोक्यावर का सांगितले गेले नाही? खोक्यावर नवे चित्र आहे, ‘नवी आवृत्ती’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, कडेला ‘नवे डिकल’ (पाण्यात भिजवून मॉडेलवर लावायच्या छापील निशाण्या) असेही आहे. साचा कधीचा, याबद्दल एक अक्षर नाही. आत मात्र फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) दोन्ही भागांवर आणि पंखांवर उठावाच्या पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या रेषा), वर आलेले रिव्हेट आणि जवळजवळ प्रत्येक स्प्रूवर (भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवर) फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेले पातळ प्लास्टिक. पंखाच्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूला, जिथे कंपनीचे नाव आणि साल कोरलेले असते, तिथे एक खडबडीत आयत आहे. साच्यातले ते साल भरून बुजवले आहे, हे प्लास्टिक उजेडात तिरके धरले की स्पष्ट दिसते. माझ्याकडे याच विमानाचा कित्येक वर्षांपूर्वी निघालेला एक खोका आहे, वेगळ्या नावाने विकलेला. दोन्ही किटचे स्प्रू शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कॉकपिटच्या मागचा सिंक मार्क (प्लास्टिक आकसून पडलेला खळगा), शेपटीजवळच्या इजेक्टर पिनच्या (भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या) खुणा, उजव्या एलरॉनवरचा (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागावरचा) बारीक ओरखडा, सगळे जागच्या जागी सारखे. फरक एवढाच की जुन्या खोक्यातल्या भागांच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत आणि आपल्या किटमधल्या झिजलेल्या.

माझी तक्रार साचा जुना असल्याबद्दल नाही, हे कृपया नीट लक्षात घ्यावे. जुनी किट मला मनापासून आवडतात. प्लास्टिकच्या किटचा इतिहासच मुळी हातोहात फिरलेल्या साच्यांचा आहे. फ्रॉग या ब्रिटिश कंपनीने १९३६ मध्ये पेंग्विन नावाने १/७२ ची किट आणली. ती सेल्युलोज ॲसिटेटची होती आणि काळाच्या ओघात वाकत असत. त्यानंतर पॉलिस्टायरीन आले आणि तेच टिकले. पुढे याच फ्रॉगचे बरेचसे साचे १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात गेले आणि ती विमाने नोव्हो या नावाने पुन्हा बाजारात आली. जर्मन आणि जपानी विमानांचे साचे तिकडे नको होते, म्हणून ते रेवेल या किट बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. हे सगळे मॉडेलरना ठाऊक आहे आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटत नाही. चांगला पोलादी साचा नीट ठेवला तर पिढ्यान् पिढ्या चालतो. ज्या विमानाचे दुसरे किटच कुणी काढलेले नाही, तिथे तर जुना साचा हाच एकमेव आधार असतो. जुने किट आहे असे सांगून विकले असते, तरी मी ते घेतले असते, आणि अधिक आनंदाने घेतले असते. तेव्हा मी त्याची तयारी त्या हिशेबाने केली असती.

ती तयारी म्हणजे काय, हे आपल्या उत्तर लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना कदाचित माहीत नसावे. उठावाच्या पॅनेल लाइन असलेल्या किटमध्ये प्रत्येक जोड घासताना त्याच्या आसपासच्या रेषाही पुसल्या जातात. फ्युजलाजचे दोन भाग चिकटवले, पाठीवरची सांध्याची रेघ सँडपेपरने घासली, की तिथले सगळे तपशील गेले. मग एक तर उरलेलेही घासून टाकायचे आणि सगळ्या रेषा स्क्रायबरने (टोकदार कोरणीने) खोदून पुन्हा काढायच्या, किंवा ताणलेल्या स्प्रूची केसासारखी तार चिकटवून त्या परत उभ्या करायच्या. हे दोन-चार संध्याकाळींचे काम नाही. शिवाय आपल्या किटवरचा एकेक रिव्हेट मी मोजून पाहिला, तो साधारण ०.२ मिलिमीटर वर आलेला आहे. १/४८ च्या हिशेबाने खऱ्या विमानावर तो जवळपास एक सेंटिमीटर उंच ठरतो. स्पिटफायरच्या पंखाचा पृष्ठभाग वेगासाठी मुद्दाम गुळगुळीत ठेवलेला असे. तरीही, पुन्हा सांगतो, हे सगळे मी आनंदाने केले असते. फ्लॅश कापणे, वाकलेला पंख गरम पाण्यात धरून सरळ करणे, पंख आणि फ्युजलाज यांच्यातली फट पुट्टीने भरणे, हे या छंदातले रोजचे काम आहे. कुणी ते दोष म्हणून मांडले, तर मीच त्याला समजावेन.

माझा आक्षेप त्या गोष्टींना आहे, ज्यांचा वयाशी काही संबंध नाही.

त्यात सगळ्यात गंभीर बाब टायरांची. या किटमध्ये चाकांचे टायर मऊ व्हिनाइलचे दिले आहेत. ते ज्या पिशवीत घातले आहेत, त्याच पिशवीत पारदर्शक भागांचा स्प्रू आहे. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेला असतो. तो तेलासारखा हळूहळू बाहेर झिरपतो आणि पॉलिस्टायरीनला लागला की ते विरघळवतो. हे काही नवे ज्ञान नाही, या व्यवसायातल्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवे. माझ्या किटमध्ये डावा टायर विंडस्क्रीनला टेकून बसला होता. तो उचलायला गेलो तर चिकटलेला निघाला. वेगळा केल्यावर विंडस्क्रीनच्या पुढच्या सपाट काचेवर टायरच्या कडेचा अर्धवर्तुळाकार ठसा राहिला, नखाला जाणवेल इतका खोल. त्याभोवतीचे प्लास्टिक धुरकट झाले आहे आणि बोट फिरवले तर अजूनही किंचित चिकट लागते. साधा ओरखडा असता तर बारीक सँडपेपर आणि पॉलिशने मी तो काढला असता. इथे प्लास्टिक वितळले आहे. कितीही पॉलिश केले तरी काच खोलगट राहणार आणि त्यातून पाहिले की आतली गनसाइट (नेम धरायचे यंत्र) वाकडी दिसणार. स्पिटफायरच्या मॉडेलमध्ये पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा कॉकपिटवर जाते, तिथेच हे डाग आहेत.

शिवाय प्रश्न फक्त पॅकिंगचा नाही. हेच टायर पॉलिस्टायरीनच्या रिमवर बसवायचे आहेत. म्हणजे मॉडेल पूर्ण झाल्यावरही ते रिमला आतून खात राहणार. कधी तरी शेल्फवरून उचलताना चाक मोडून हातात येईल. टायर साध्या कडक प्लास्टिकचे दिले असते, तर हा प्रश्नच आला नसता.

दुसरी गोष्ट डिकलची. ‘नवे डिकल’ असे छापलेल्या खोक्यात मला पिवळी पडलेली शीट मिळाली. तिच्यावरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळत नाही. त्यातला एक जास्तीचा, न लागणारा अंक कापून पाण्यात टाकला, तर तो कागदावरून सुटताच तुकडे तुकडे झाला. आपल्या सहकाऱ्यांनी शीट उन्हात ठेवण्याचा सल्ला दिला. पिवळेपणा उन्हाने बराच जातो हे खरे, आणि तडकणाऱ्या डिकलवर वार्निशचा एक थर मारून ते वाचवता येतात हेही मला माहीत आहे. पण छपाईच सरकलेली असेल तर ऊन काय करणार? फ्युजलाजवरची ब्रिटिश हवाई दलाची गोल निशाणी सी-१ प्रकारची आहे : बाहेर पिवळे, आत निळे, मग पांढऱ्याचे अगदी बारीक कडे आणि मध्ये लाल. हे पांढरे कडे मुळातच इतके अरुंद असते की रंग किंचित जरी सरकला तरी लपत नाही. माझ्या शीटवर लाल ठिपका एका बाजूला इतका गेला आहे की तिथे पांढरे पूर्ण नाहीसे झाले आहे आणि दुसऱ्या बाजूला ते दुप्पट जाड दिसते. दोन्ही बाजूंच्या निशाण्या अशाच आहेत.

त्याच निशाणीमुळे सूचनापत्रातली चूकही उघडी पडते. सी-१ निशाणी ब्रिटिश विमानांवर १९४२ च्या मध्यापासून आली. त्याच्या आधीच, ऑगस्ट १९४१ मध्ये, ब्रिटनमधल्या लढाऊ विमानांचा तपकिरी रंग जाऊन त्या जागी करडा ओशन ग्रे आला होता, कारण लढाई आता समुद्रावर आणि अधिक उंचीवर होत होती. आपल्या सूचनापत्रात मात्र वरचा रंग हिरवा आणि तपकिरी दाखवला आहे. खोक्यावरच्या चित्रात तो हिरवा आणि करडा आहे, म्हणजे चित्रकाराने अभ्यास केला होता. सूचनापत्र जुन्या आवृत्तीचे तसेच छापले आणि निशाण्या बदलल्या, असे दिसते. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही तो माणूस आपल्यावर विश्वास ठेवून तपकिरी रंग देईल. त्यात त्याचा काय दोष?

आणि शेवटी ऑइल कूलर. मार्क ५ ची खालची बाजू दोन्हीकडे सारखी नसते. उजव्या पंखाखाली मोठा चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली लहान, गोल तोंडाचा ऑइल कूलर. पुढच्या मार्क ९ मध्ये दोन्ही बाजूंना सारखे मोठे रेडिएटर आले, म्हणून खालून पाहिल्यावर ही दोन विमाने ओळखण्याची ती सोपी खूण आहे. माझ्या किटमध्ये या ऑइल कूलरचा पुढचा अर्धा भागच नाही. तो तुटलेला नाही, तर साच्यात प्लास्टिक शेवटपर्यंत पोहोचलेच नाही. कडा गोलसर आणि गुळगुळीत आहे, तुटल्याची पांढरी खूण कुठेही नाही. अशा भागाला कारखान्यातून बाहेर पडू द्यायलाच नको होते. स्प्रू पिशवीत भरताना एकदा नजर टाकली असती तरी तो दिसला असता.

आपल्या सहकाऱ्यांनी ‘अनुभवी मॉडेलर’ असा शब्द वापरला आहे. पण खोक्यावर कुठेही ‘अनुभवी मॉडेलरसाठी’ असे लिहिलेले नाही. उलट ‘सर्व वयोगटांसाठी’ असे आहे. मी कित्येक वर्षे मॉडेल बनवतो, म्हणून मला कळते की प्लास्टिक कुठे वितळले आहे, कुठे अपुरे पडले आहे आणि कोणता रंग चुकीचा आहे. हेच किट एखाद्या नवशिक्या मुलीने किंवा मुलाने आपले पहिले विमान म्हणून घेतले असते तर? पंख जुळत नाहीत, काच धुरकट आहे, डिकलचे पाण्यात तुकडे होतात. त्या मुलाला वाटणार, आपलेच हात बरोबर नाहीत. किट बाजूला पडणार आणि पुढचे कधीच घेतले जाणार नाही. मला या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आहे. माझे किट मी इकडून-तिकडून भाग जमवून कसेही पूर्ण करेन. पण जो या छंदात नुकताच पाऊल टाकतो आहे, त्याला आपण असे परत पाठवता कामा नये.

माझ्या मागण्या अशा आहेत. पारदर्शक भागांचा स्प्रू, खालच्या पंखाचा स्प्रू आणि छपाई न सरकलेली डिकल शीट आपण विनाशुल्क पाठवावी, आणि टायर कडक प्लास्टिकचे उपलब्ध असतील तर तेही. ही अदलाबदल शक्य नसेल तर किटची पूर्ण किंमत परत करावी. पाण्यात टाकून पाहिलेला तो एक डिकलचा अंक सोडता किट मी जसेच्या तसे ठेवले आहे, एकही भाग चिकटवलेला नाही. आपण म्हणाल तेव्हा ते परत पाठवायला मी तयार आहे, फक्त पाठवण्याचा खर्च आपण करावा.

त्याशिवाय, या किटची पुढची खेप निघण्याआधी टायर वेगळ्या पिशवीत घालावेत, सूचनापत्रातले रंग दुरुस्त करावेत आणि खोक्याच्या कडेला साच्याचे मूळ साल छापावे. काही उत्पादक ही माहिती प्रसिद्ध करतात आणि त्याने त्यांची विक्री कमी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना जुनी किट आवडतात ते मुद्दाम ते साल बघून घेतात. ज्यांना नव्या साच्याचे किट हवे असते, ते फसवले गेल्याची भावना घेऊन घरी जात नाहीत.

फोटोंमध्ये विंडस्क्रीनवरचा ठसा, सरकलेली निशाणी, ऑइल कूलरची अपुरी कडा आणि बुजवलेल्या सालाची जागा, हे चारही तिरक्या उजेडात जवळून टिपले आहे. खोक्याच्या तळाचा बॅच क्रमांकही दिसतो, त्यावरून ही खेप शोधून त्यातली बाकीची किट तपासता येतील. ती तपासणी आपण करावी अशी माझी विनंती आहे, कारण टायर आणि काच एकाच पिशवीत असलेले माझे एकटेच किट असेल, असे मला वाटत नाही.

या पत्राचे उत्तर आपण पंधरा दिवसांच्या आत, लेखी आणि प्रत्येक मुद्द्याला धरून द्यावे.

कळावे,

आपला,
एक जुना ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, चार फोटो, आपल्या ग्राहक सेवेच्या उत्तराची प्रत